तिसऱ्या पायरीचं पाणी

आत्या येणार नाही असं तिच्या भावाने, धाकट्याने, धरूनच ठेवलं होतं, म्हणून त्याने आबांच्या तळ्याकाठच्या घरात, ओसरीवर, खुर्च्या चारच पुसल्या होत्या. पावणेअकराला वरच्या रस्त्यावर गाडीचं दार वाजलं. शहाऐंशी पायऱ्यांवरून आत्या कठड्याला धरून, मध्येमध्ये थांबून श्वास घेत खाली येताना दिसली, तेव्हा तो घाईघाईने आत पाचवी खुर्ची शोधायला गेला. पाचवीचा एक पाय आबांनी कधीकाळी काढून वल्ह्याला ठोकला होता. मग तो आपण होऊन खोक्यावर बसला आणि ताईसाठी वाऱ्याच्या बाजूची खुर्ची मोकळी ठेवली.

वर्षभर ही बहीणभावंडं बोलत नव्हती. आबा गेले त्या दिवशी, दवाखान्याच्या जिन्यात, चार परक्या माणसांसमोर आत्याने भावाला सुनावलं होतं, की माझ्या बापाला तळ्यावरून उचललंस, दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलंस आणि शेवटपर्यंत एकदाही परत तिथे नेलं नाहीस. ताई, पाणीच आलं नाही, मी काय करू, एवढंच तो म्हणाला होता. तिला ते पटलं नाही. हेडमास्तरीण म्हणून तीस वर्षं काढलेली बाई, कारणं ऐकून ऐकून तिचे कान किटलेले. तेव्हापासून फोन नाही, येणंजाणं नाही.

आज आबांचा वाढदिवस. असते तर सत्त्याऐंशीचे झाले असते. हे निमित्त धरून दोघांना इथे आणण्याचा उपद्व्याप भिंगरीचा. भिंगरी म्हणजे धाकट्याची एकुलती एक मुलगी, वय सव्वीस, चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासते. हे नाव आबांनीच ठेवलेलं, कारण लहानपणी ती एका जागी म्हणून ठरायची नाही. आत्याला तिने सांगितलं की आबांसाठी ये, आणि बापाला सांगितलं की आत्या येवो न येवो, आपण जाऊ. तिच्या मनात एकच होतं. आज ही दोघं बोलली तर बोलली, नाहीतर पुढची भेट पुन्हा कुठल्यातरी दवाखान्याच्या जिन्यातच व्हायची.

आता हे पाण्याचं काय प्रकरण, तर ते असं. आबांची नोकरी तळ्याचं पाणी मोजायची. घरासमोरच्या धक्क्याला काळ्यापांढऱ्या रेघांची मोजपट्टी रोवलेली, रोज सकाळी सातला तिच्यावरचा आकडा वहीत लिहायचा आणि खात्याला कळवायचा. चौतीस वर्षं हे केलं, आणि निवृत्त झाल्यावरही वही काही सुटली नाही. या घरात कुणी कुणाला कसा आहेस म्हणून विचारायचंच नाही, पाणी किती म्हणून विचारायचं. परीक्षा असली की नाकापर्यंत, पाहुणे गेले की घोट्यापर्यंत. धाकट्याने लाँड्री काढली त्या दिवशी आबांनी दुकानात पाऊल टाकताच हाच प्रश्न केला होता आणि गिऱ्हाइकं बावचळली होती.

नव्वद किलोचा माणूस, पण कमालीचा नकलाकार. खात्याचे मोठे साहेब पोट पुढे काढून कसे चालतात हे होडीवाल्या कॅप्टनला दाखवता दाखवता ओल्या धक्क्यावर पाय सटकला आणि खुबा मोडला. पडल्या पडल्या पहिलं वाक्य काय, तर साहेबांना सांगू नका, रजेचा अर्ज मागतील. मग ऑपरेशन, मग काठी, मग धाकट्याकडे शहरात. तेव्हा आत्यानेच भावाला म्हटलं होतं, ने बाबा, मला इतक्या लांबून जमणार नाही. हे मात्र ती दवाखान्याच्या जिन्यात विसरली.

परत यायचं तर या शहाऐंशी पायऱ्या आड. धाकट्याने म्हटलं, खुर्चीत बसवून चौघं मिळून उचलून नेऊ. आबा म्हणाले, चौघांनी उचलायची एवढी घाई कशाला, ती वेळ येईलच. त्यांना होडीतूनच यायचं होतं. पलीकडच्या काठाला गाडी थेट पाण्यापर्यंत जाते, तिथून कॅप्टन होडीत घेईल आणि घराच्या दारात उतरवेल. पण त्याला बावीस फूट पाणी हवं. घराच्या पुढच्या दगडी पायऱ्यांपैकी तिसरी भिजली तरच होडी टेकते, नाहीतर मध्ये नुसता चिखल आणि धोंडे. तेव्हा ठरलं, तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की आबांना न्यायचं. धाकटा हो म्हणाला, आत्या म्हणाली की मीही त्याच दिवशी येईन, आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

रोजचा आकडा आणायचं काम भिंगरीकडे. सकाळी कॅप्टनला फोन करायचा, मोजपट्टीवर काय आहे ते विचारायचं आणि कामावर जाता जाता आबांना सांगायचं. आबांना स्वतःला फोनवर ऐकू येत नसे, आणि कॅप्टन बोलायचा तो मिशीतल्या मिशीत. दोन महिने भिंगरीने नेमाने केलं. पण कॅप्टन एक तर फोन उचलायचा नाही, आणि उचलला तर जावयाचं रडगाणं वीस मिनिटं. एक दिवस उशीर झाला म्हणून तिने कालचाच आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यातून इंच वजा करून सांगितला. काही बिघडलं नाही. आबांनी वहीत लिहिलं, वर म्हणाले की शाब्बास. मग तिने फोन करणंच सोडून दिलं. आकडा मनाने सांगायचा, एकोणीस फुटांच्या आसपास, कधी इंच खाली, कधी अर्धा वर. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्यात फार काही वाईट आहे असंही तिला आजवर वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा, तो चालू राहिला, एवढंच.

आत्या खुर्चीत बसली, तिने पाणी घेतलं, भावाकडे न बघता वहिनीची चौकशी केली. ही वहिनी, म्हणजे धाकट्याची बायको, कमी बोलणारी. आबा तिला ब्रेक म्हणायचे, कारण त्यांच्या दर कल्पनेवर ती एकदा पाय द्यायची. तिने थर्मासमधला चहा ओतला. साखर किती हे तिने नणंदेला विचारलं नाही. वर्षभर अबोला असला तरी तेवढं तिच्या लक्षात होतं, आणि आत्यालाही ते जाणवलं.

तेवढ्यात पलीकडून कॅप्टन आला. होडी धोंड्यांच्या अलीकडेच बांधून, चपला हातात घेऊन, पोटऱ्यांपर्यंत चिखलातून आला. हा आबांचा चाळीस वर्षांचा दोस्त. आयुष्यभर एकच होडी चालवली, तरी आबांनी त्याला कॅप्टन केलं आणि सगळ्या गावाने ते मान्य केलं. खुर्चीत बसल्याबसल्या त्याने खिशातून आबांची जुनी टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला की आज हा नाही, म्हणून बोलायची पाळी माझी.

आणि मग कॅप्टन खुलला. एका उन्हाळ्यातलं आबांचं ऑफिस त्याने सांगितलं. उकाडा सोसेना म्हणून आबांनी टेबल-खुर्ची उचलून तळ्यात गुडघाभर पाण्यात मांडली आणि तिथेच वही लिहायला बसले. तपासणीला साहेब आले तर आबा जागचे हलले नाहीत. या, बसा, म्हणाले, ऑफिस हेच आहे, फक्त विजार दुमडून घ्या. साहेबांनी खरोखर विजार दुमडली, पाण्यात उभं राहून सही केली, आणि जाताना म्हणाले की इथे बरं वाटतं हो. धाकट्याला हसता हसता ठसका लागला. भिंगरीने त्याच्या पाठीवर थोपटलं.

मग आत्याला राहवेना. तिच्या नवऱ्याची गोष्ट तिनेच सांगायला घेतली. लग्नाआधी तो पहिल्यांदा इथे आला, तर आबांनी त्याला होडीत घातलं, तळ्याच्या मधोमध नेलं, वल्ही त्याच्या हातात दिली आणि स्वतः टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले. अंधार पडायच्या आत मला घरी पोचवलंस तर जावई, म्हणाले. तो बिचारा दोन तास एकाच जागी गोल गोल फिरत होता. काठावर आत्या रडायच्या बेतात.

"आणि तू पोहत गेलास," आत्या भावाकडे वळून म्हणाली. वर्षभरात त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. "शाळेच्या कपड्यांनिशी. आणि होडी ओढून आणलीस."

"आबांना कळलं होतं," धाकटा म्हणाला. "टोपीखालून म्हणाले, बाळ्या, सावकाश ओढ, जावयाला लाज वाटेल."

दोघंही हसली. भिंगरी आईकडे बघत होती आणि आई टेबलावरचा चहाचा ओघळ पुसत होती. जमलं, असं भिंगरीला वाटलं. आत्याने पर्स मांडीवरून काढून जमिनीवर ठेवली होती. आता ती जेवायला थांबणार, हेही नक्की झालं होतं.

बोलता बोलता धाकट्याच्या मनातलं बाहेर पडलं. आज आबा इथे असते तर, म्हणाला, पण त्या वर्षी मेलं पाणीच चढलं नाही. तो हे कॅप्टनला सांगत नव्हता, बहिणीलाच सांगत होता. वर्षभर सांगायचं राहिलेलं, आता ती ऐकेल अशा भरवशावर.

कॅप्टनने बशी खाली ठेवली. त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"चढलं नाही कसं? तो गेला त्याच्या आदल्या महिन्यात तिसरी पायरी बुडाली होती की. एकोणीस दिवस पाणी होतं. मी होडी धुऊन ठेवली, त्याला टेकायला उशी आणली. पण तुमच्याकडून फोनच यायचा बंद झालेला. मला वाटलं, शहर मानवलं त्याला, आता कशाला येतोय. मग मीही रागाने केला नाही."

 तो महिना भिंगरीला चांगला आठवत होता. वरच्या खोऱ्यात आठवडाभर पाऊस लागला होता. आबांनी तिला विचारलं होतं, एवढा पाऊस झाला म्हणे, तरी एकोणीसच? आणि केस विंचरता विंचरता ती म्हणाली होती, खाली सोडलं असेल पाणी. सोडलं असेल, असं म्हणून त्यांनी एकोणीस लिहिले होते.

आणि आत्या? आत्याला तर दुसरंच आठवलं. त्याच महिन्यातला एक रविवार. तिचा आवाज शाळेत कमावलेला, त्यामुळे फोनवर तेवढा तिचाच आबांना ऐकू यायचा. थट्टामस्करी झाल्यावर ते आवाज खाली आणून म्हणाले होते, कॅप्टनला एकदा विचार गं पाणी किती आहे, भिंगरीचे आकडे मला सरळ वाटत नाहीत. पण तिला काही बोलू नकोस. हो हो विचारते, असं आत्या म्हणाली होती. त्या आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरात फरशी बसवायचं काम चाललं होतं. राहून गेलं. पुढच्या रविवारी आबांनी विषय काढला नाही, म्हणून तिनेही काढला नाही. एक फोन, दोन मिनिटांचा. दवाखान्याच्या जिन्यात ती भावावर एवढी का कडाडली होती, हे तिचं तिला माहीत होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे ती वर्गात फळ्यावर लिहून शिकवायची.

तरी ती भावाकडेच वळली. "तू मला सांगितलंस, पाणी आलं नाही."

धाकट्याने लेकीकडे पाहिलं. एकदाच. तिचा चेहरा बघितला आणि त्याला सगळं कळलं. भिंगरी तोंड उघडणार तोच तिच्या आईने टेबलाखालून तिचं मनगट धरलं, घट्ट. आईला कधीपासून माहीत होतं. कित्येक सकाळी तिने पाहिलं होतं, लेक फोनला हात न लावता आकडा सांगून निघते. लाँड्रीचा, घराचा, सासऱ्यांच्या औषधांचा व्याप मागे लागलेला, तिने कानाडोळा केला होता.

"आलं होतं," धाकटा म्हणाला. "मला ठाऊक होतं. पोरीला फोन करू नको म्हणून मीच सांगितलं, आकडाही मीच सांगायचो तिला. दुकान बंद ठेवून इतक्या लांब यायचं जिवावर आलं माझ्या. म्हटलं पुढच्या वेळी नेऊ."

त्याचे कान लाल झाले होते. लहानपणापासून खोटं बोलताना त्याचे कान असेच व्हायचे आणि ते बघून आबा त्याला विचारायचे, काय रे, भट्टी पेटली का. आत्याला ते कान दिसले. हा पोरीला पाठीशी घालतोय हे तिला लख्ख कळलं. आणि तरीही तिने ते खोटं घेतलं, कारण ते तिच्या सोयीचं होतं. तो दोषी ठरला की मग तिच्या त्या रविवारबद्दल कुणी विचारणार नव्हतं.

ती उठली. पर्स घेतली. माझं आणि तुझं संपलं, एवढं म्हणाली आणि बाहेर पडली. वहिनीने थांबा म्हटलं, ते तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कॅप्टन म्हणत होता, मी उगाच बोललो, मी उगाच बोललो.

भिंगरीने आईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. बापाने तिला मान हलवून नको म्हटलं. नको, बस. पण आपल्यापायी बाप आयुष्यभर आबांचा गुन्हेगार म्हणून राहणार, हे काही तिला बघवणार नव्हतं. ती धावत सुटली.

आत्या चाळिसाव्या पायरीच्या आसपास थांबली होती. पुढे जाववत नव्हतं, दम लागला होता. भिंगरी तिच्या खालच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. फोन केला नाही. आकडे मनाने सांगितले. पाणी खाली सोडलं असेल म्हणून सांगितलं ते. बाबांना यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं, तुला जे बोलायचं ते मला बोल. रडत नव्हती ती. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

आत्याने कठड्यावरून हात काढला. पोरगी आपल्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान, आणि आपल्याला वर्षभरात जे जमलं नाही ते हिने चाळीस पायऱ्यांत केलं. तिला स्वतःची शरम वाटली, चांगलीच वाटली. मग भिंगरीच्या खांद्यावर हात टेकून ती खाली उतरायला लागली.

धाकटा होता तिथेच बसला होता. आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाळ्या, तू खोटं बोलतोयस हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तरी मी चालले होते. कारण आबांनी मला फोनवर सांगितलं होतं, आकडे सरळ वाटत नाहीत, कॅप्टनला विचार. मी विचारलं नाही. फरशीवाला आला होता घरी. विचारलं असतं तर एकोणीस दिवस होते आपल्याकडे."

 धाकट्याने डोळे पुसले, मग बाहीने नाक पुसलं. बहिणीवर ओरडावं असं त्याला क्षणभर वाटलं, ते वर्ष, तो जिना, सगळं तिच्या पदरात घालावं. पण त्याला हेही आठवलं, की आबा शहरात होते त्या चौदा महिन्यांत कॅप्टनला एक फोन आपणही केला नव्हता. पाणी आलं की बघू. सगळ्यांनीच त्या पाण्याच्या आड तोंड लपवलं होतं. त्याने ताईचा हात धरला आणि तिला खुर्चीत बसवलं. ती बसली. एवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं, आणि मिटल्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

"पण त्यांनी पोरीलाच का नाही विचारलं?" जरा वेळाने धाकटा म्हणाला. "समोरच तर असायची. थट्टेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं."

"मीही तेच म्हटलं होतं त्यांना, तिलाच विचारा की," आत्या म्हणाली. "तर म्हणाले, नको. ओशाळेल ती. रोज सकाळी माझ्यापाशी येऊन घटकाभर बसते, गप्पा मारते. तेवढंही मग जाईल."

भिंगरी दाराशी उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मायेने पाहिलं. कॅप्टनने तर मान डोलावली, बघ, असा होता आमचा माणूस. ती माया तिला घेता येईना.

"बसायचे नाही मी," ती म्हणाली. "गाडी चुकेल म्हणून उंबऱ्यातूनच आकडा सांगायचे. आत पाऊलसुद्धा टाकायचे नाही."